पाटीवरच्या ‘क’ला कमळ नव्हतं

पत्राचा सारांश : मी 63 वर्षांची आहे. लेक आणि जावई दिवसभर कामावर असतात, तेव्हा साडेचार वर्षांचा नातू माझ्याजवळ असतो. लेकीनं टॅबमध्ये त्याच्यासाठी अक्षरओळखीची पाच ॲप्स टाकून दिली आहेत, दोन मराठी आणि तीन इंग्रजी. ‘तो टॅब घेऊन बसला की मध्येमध्ये बोलू नकोस, तो शिकतोय,’ असं तिनं सांगून ठेवलंय. रोज दोन-अडीच तास तो त्यात असतो. ॲपमध्ये सगळी मुळाक्षरं पटापट ओळखतो, टाळ्या वाजतात, तारे मिळतात. परवा मी पाटीवर मोठ्ठा ‘क’ काढून विचारलं, तर बघतच राहिला आणि म्हणाला, “कमळ कुठंय?” लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, ॲप बदलू या, कुठलं ठेवायचं ते आता तूच बघ. मला टॅबमधलं फारसं कळत नाही. नातू मागे पडतोय का? चांगलं ॲप ओळखायचं कसं? की हे सगळं बंदच करून टाकावं?

ताई,

तुमच्या नातवाचं ते “कमळ कुठंय?” दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीये. आपण काय शिकलोय, हे त्यानं दोन शब्दांत सांगून टाकलं. गुलाबी कमळ दिसलं की ‘क’वर बोट ठेवायचं, हे त्याला पक्कं येतं. ॲपनं त्याच्याकडून एवढंच मागितलं होतं आणि त्यानं ते चोख दिलं. त्यामुळे तो मागे पडतोय ही भीती आधी मनातून काढून टाका. चूक झाली असेल तर ती ॲपच्या विचारण्यात आहे.

लहान मुलं कुठल्याही खेळात उत्तराची सगळ्यात सोपी खूण शोधतात. चित्र, रंग, पडद्यावरची जागा, आवाज, जे हाताशी असेल ते. अक्षराचं वळण ही त्यातली सगळ्यात अवघड खूण, म्हणून तिची पाळी शेवटी येते, आणि चित्र कायम शेजारी असलं तर येतच नाही. तेव्हा पहिली परीक्षा अगदी साधी करा. तो खेळत असताना चित्रावर तुमचा तळहात ठेवा आणि फक्त अक्षर दिसू द्या. तो थबकला, तुमचा हात बाजूला करू लागला, तर ते ॲप चित्रं शिकवतंय, अक्षरं शिकवत नाहीये. चांगल्या ॲपमध्ये चित्र सुरुवातीला असतं आणि हळूहळू निघून जातं, तेच अक्षर वेगवेगळ्या आकारांत, रंगांत, ठिकाणी पुन्हा भेटतं.

दुसरी परीक्षा मला माझ्या भाचीच्या मुलीमुळे सुचली. ती एक ॲप खेळत होती. बरोबर अक्षर दाबलं की एक तारा यायचा. चुकीचं दाबलं की दगडावरचा बेडूक धप्पकन पाण्यात पडायचा, शिंतोडे उडायचे. ती एकामागून एक चुकीचं अक्षर दाबत होती. मी ‘ग’कडे बोट करून विचारलं, “हा कोणता?” ती म्हणाली, “हा बेडूक पाडणारा.” तिच्या वयाला बेडूक पाडणं हेच खरं बक्षीस होतं. म्हणून नातू नसताना तुम्ही स्वतः प्रत्येक ॲप उघडा आणि मुद्दाम चुका. काय होतं ते पाहा. गंमत होते? नुसता ‘टुंग’ आवाज होऊन पुढचा प्रश्न येतो? की ॲप थांबतं, तेच अक्षर पुन्हा म्हणून दाखवतं, पर्याय कमी करून आणखी एक संधी देतं? हे शेवटचं ज्यात असेल ते ठेवण्याजोगं. त्याचबरोबर डोळे मिटून कुठेही बोट मारत राहा. तरीही तारे जमत गेले, तर ते तारे कशाचे मिळतात हे तुमच्या लक्षात येईल.

या दोन्ही परीक्षांना टॅबमधलं काही कळावं लागत नाही, हेही पाहा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी अडखळले, ते वाक्य : मध्येमध्ये बोलू नकोस, तो शिकतोय. लेकीचा हेतू चांगला आहे, त्याचं लक्ष विचलित होऊ नये एवढंच तिला हवंय. पण या वयात शिकणं असं होत नाही. ग्राफोगेम नावाचा एक अक्षर-ध्वनींचा खेळ आहे. फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठात वाचनाच्या अभ्यासकांनी तो घडवला, आणि पुढे तो बऱ्याच भाषांत गेला. म्हणजे विचारपूर्वक, अभ्यास करून केलेलं ॲप. त्यावर वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द वाचण्याच्या बाबतीत सरासरी काढली तर खेळणाऱ्या मुलांना विशेष फायदा दिसला नाही. जिथे मोठं माणूस सोबत राहून लक्ष घालत होतं, तिथे मात्र दिसला. इतक्या काळजीनं केलेल्या ॲपची ही गत, तर टॅबमधल्या पाच ॲप्सकडून मुलाला एकट्यानं शिकवण्याची अपेक्षा कशी धरायची? त्याहून लहान बाळांचंही तेच. बाळांच्या भाषेच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी तिचे ध्वनी उचलले. तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं, तेव्हा काही उचललं नाही.

टॅबमधलं कळत नाही म्हणून आपण या कामाच्या नाही, असं तुम्हाला वाटतंय. मला तुम्ही या कामाच्या मुख्य व्यक्ती वाटता. “अरे, हा कोण? आपण मघाशी पाहिला होता ना? तुझ्या नावात आहे का रे हा?” एवढं बोलायला ॲप चालवता यावं लागत नाही. 2015 मध्ये बालमानसशास्त्राच्या अभ्यासक कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या ॲप्सविषयी एक लेख लिहिला. त्यात कसोट्या चारच होत्या : मुलाचं डोकं चालतंय का, लक्ष शिकण्याच्या गोष्टीवर टिकतंय का, शिकलेलं त्याच्या रोजच्या जगण्याशी जोडलं जातंय का, आणि माणसांशी देवाणघेवाण होतेय का. यातल्या शेवटच्या दोन ॲप क्वचितच पुऱ्या करतं. त्या तुम्ही कराल.

आणखी एक समज मला हलवून पाहायचा आहे. सगळी मुळाक्षरं ओळखता आली म्हणजे वाचनाची तयारी झाली, असं आपण धरून चालतो. अक्षरओळख महत्त्वाची आहेच. पण वाचणं कानापासून सुरू होतं. शब्द हे आवाजांचे तुकडे जोडून झालेले असतात आणि ते सुटे करता येतात, हे मुलाला उमगावं लागतं. त्यासाठी त्याला विचारा, ‘पाऊस’मधला ‘पा’ काढून टाकला तर काय उरलं? ऊस! ‘कपाट’मधला ‘क’ पळून गेला तर? पाट! साडेचार वर्षांच्या मुलाला हा खेळ कळला की तो तुम्हाला सोडत नाही, दिवसभर शब्द तोडत फिरतो. सुरुवातीला जमणार नाही, तेव्हा टाळ्या वाजवत शब्द मोडा, स-का-ळ, तीन टाळ्या. ॲप निवडताना हेच शोधा : ते मुलाला ऐकायला लावतं का? ‘यातल्या कशाची सुरुवात ‘म’नं होते’ असं विचारतं का? नुसती क ते ज्ञ पत्त्यांची रांग असेल, पत्ता उलटला की आवाज, पुढचा पत्ता, तर ती छापील तक्त्याचीच बोलती आवृत्ती झाली. ध्वनी सुटे ऐकायची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेतही कामी येते, त्यामुळे इंग्रजीचं काय होणार ही धास्तीही नको. जी भाषा तो घरात बोलतो तिच्यात ही सवय सगळ्यात लवकर लागते.

मराठी ॲप्सबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे फसगत फार होते. बरीच मराठी ॲप्स मूळ इंग्रजी किंवा हिंदी साच्यावर अक्षरं बदलून केलेली असतात. तुमच्या कानाला हे लगेच पकडता येईल. ‘ज्ञ’ ऐका. ‘द्न्य’ ऐकू आलं तर ठीक, ‘ग्य’ ऐकू आलं तर आवाज हिंदीचा आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ या दोन शब्दांतला ‘च’ मराठीत वेगवेगळा उच्चारतात, ॲपमध्ये दोन्ही एकसारखे येतात का? ‘ळ’चा ‘ल’ झालाय का? मग डोळ्यांनी ‘ल’ आणि ‘श’ पाहा. मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे? मोठ्यांना दोन्ही वाचता येतात, पण ज्याला अक्षर पहिल्यांदा भेटतंय, त्याला पाटीवरचा ‘ल’ आणि टॅबमधला ‘ल’ ही दोन वेगळी अक्षरं वाटतात.

आणि काना, मात्रा, वेलांटी? बहुतेक ॲप्स ‘ज्ञ’पाशी संपतात किंवा पुढे बाराखडीची यादी म्हणून दाखवतात. आपल्या लिपीची खरी चढण तिथूनच सुरू होते. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडानं नंतर म्हणायची असते. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. कन्नडची लिपी दिसायला वेगळी, पण घडण आपल्यासारखीच, अक्षराला स्वरचिन्ह जोडण्याची. त्या अभ्यासात दिसलं की सगळी अक्षरं अंगवळणी पडायला मुलांना प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षं लागतात. तुमचा नातू अजून पाच वर्षांचाही नाही, तेव्हा घाई कसलीच नाही. ज्या ॲपमध्ये ‘म’ला काना ओढून ‘मा’ करता येतो, दोन ‘मा’ शेजारी ठेवले की ‘मामा’ ऐकू येतं, म्हणजे जिथे मूल स्वतः जोडाजोड करतं, ते सापडलं तर जरूर ठेवा. पाच-सहा अक्षरांतच शब्द बनवायला देणारं ॲप मला सगळी मुळाक्षरं एका दमात दाखवणाऱ्या ॲपपेक्षा बरं वाटतं.

अक्षरं गिरवण्याच्या ॲपबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ठिपक्यांवरून बोट फिरवलं की रेघ आपोआप सुंदर होते, बोट जरा बाहेर गेलं तरी ॲप सांभाळून घेतं. करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी 2012 मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांसोबत एक प्रयोग केला. काही अक्षरं मुलांनी समोर बघून हातानं काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर दाबली. मग ती अक्षरं दाखवून मेंदूची चित्रं घेतली. मोठ्या माणसांच्या मेंदूत वाचताना जे भाग कामाला लागतात, ते मुलांमध्ये हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळीच जागे झालेले दिसले. गिरवलेल्या किंवा दाबलेल्या अक्षरांनी तसं झालं नाही. संशोधकांचा अंदाज असा, की आपल्या हातचं अक्षर दर वेळी वेडंवाकडं, थोडं वेगळं येतं आणि त्यातूनच मेंदूला त्या अक्षराचं मर्म कळतं. तेव्हा बोट कुठून कुठे न्यायचं हे दाखवण्यापुरतं गिरवणं चालेल. त्यानंतर लगेच पाटी द्या, ठिपके न काढता. ओल्या बोटानं फरशीवर काढू दे, वाळूत काढू दे. वेडंवाकडं आलं की पुसून नीट करायला लावू नका.

जाहिरातींचं काय? पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या 135 ॲप्सची पाहणी अमेरिकेत झाली होती, 2019 मध्ये ती छापून आली. त्यातल्या 95 टक्के ॲप्समध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. मधेच येणारे व्हिडिओ, ‘हे उघडायचं तर पैसे भरा’ अशी कुलपं, किंवा खेळातलं लाडकं पात्रच काहीतरी विकत घ्यायला सांगतं. ‘शैक्षणिक’ या शिक्क्यावरही विसंबू नका, ॲप कुठल्या विभागात मांडायचं हे ते बनवणाराच निवडतो. लेकीला सांगा, टॅब विमान मोडवर टाकून प्रत्येक ॲप चालवून बघ. इंटरनेटशिवाय जे नीट चालतं आणि ज्याला शेवट आहे, म्हणजे एक गोष्ट किंवा एक खेळ संपला की जे थांबतं, ते निवडा. आपोआप पुढचं सुरू करणारं ॲप या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. थांबणं त्याच्या हातात नसतं, आणि मग टॅब काढून घेताना रडारड तुमच्या वाट्याला येते.

गोष्टींच्या ॲप्सना मी झुकतं माप देते. 2015 मध्ये तकाच, स्वार्ट आणि बुस यांनी पडद्यावरच्या गोष्टींच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. गोष्टीत जे चाललंय तेच चित्र हलून दाखवत असेल तर मुलांना गोष्ट समजायला मदत होते. पण चित्रात इथे दाबलं की फुगा फुटतो, तिथे दाबलं की कोंबडा आरवतो, असं असेल तर मूल फुगे फोडत बसतं आणि गोष्ट हातून निसटते. म्हणून साधी दिसणारी ॲप्स नाकारू नका. ‘प्रथम बुक्स’ या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी विनामूल्य वाचता येतात, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानावर जेमतेम एखाद-दोन वाक्यं असतात. ती तुम्ही वाचा, बोट शब्दाखालून फिरवत. मधे थांबून “आता काय होईल रे?” विचारा. छापील पुस्तक हाताशी असेल तर तेच घ्या. आईवडील आणि त्यांच्या लहानग्यांच्या 37 जोड्यांवर झालेल्या एका अभ्यासात छापील पुस्तक हाती असताना दोघंही जास्त बोलली, पडद्यावरचं पुस्तक असताना बोलणं कमी झालं.

बंदच करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगणार नाही. पण दोन-अडीच तास फार झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, त्याहून कमी असेल तर उत्तम. त्या तासातली पंधरा-वीस मिनिटं अक्षरांच्या एका ॲपला द्या, तुम्ही शेजारी बसून. पाचांतली फार तर दोन ठेवा, एक अक्षर-ध्वनीचं, एक गोष्टींचं.

उरलेल्या वेळाबद्दल मोकळेपणानं बोलते. साडेचार वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावणं 63व्या वर्षी सोपं नाही. दुपारी तुम्हाला अर्धा तास पाठ टेकायची असेल आणि तेवढा वेळ तो पडद्यासमोर बसला, तर त्यात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त त्या अर्ध्या तासाला विश्रांती म्हणा, शिक्षण म्हणू नका. तेव्हा त्याला एखादी शांत, संपणारी गोष्ट लावून द्या. ‘शिकतोय’ हा शब्द आला की वेळेचा हिशेब कुणी ठेवत नाही, तुमच्या घरात तेच झालंय. ही अडचण घरोघरी आहे, मला येणाऱ्या पत्रांत नोकरी करणाऱ्या आयांचीही असते.

लेकीशी बोलताना “तुझं ॲप चुकीचं” असं सुरू करू नका. तिनं लेकरासाठी वेळात वेळ काढून ती पाच ॲप्स शोधलीत. सुट्टीच्या दिवशी तिलाच नातवाशेजारी बसवा, चित्रावर तळहात ठेवायला सांगा आणि काय होतं ते तिच्या डोळ्यांनी पाहू दे. मग दोघी मिळून ठरवा.

आणि नातवाचा तो प्रश्न अजून अनुत्तरित आहे. उद्या पाटी घ्या, पुन्हा तोच मोठ्ठा ‘क’ काढा. तो “कमळ कुठंय?” म्हणेल, तेव्हा ‘क’च्या शेजारी सावकाश ‘म’ काढा, मग ‘ळ’ काढा. तिन्हींखालून बोट फिरवत म्हणा, “क… म… ळ. हे बघ, हे इथं आहे कमळ.”